बाटलीच्या झाकणाची जबाबदारी

लहान मुलाच्या पोटात नको ते गेले आणि घरची माणसे त्याला उचलून दवाखान्यात धावत आली, की तेथे जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: आईचे लक्ष कुठे होते? सासू विचारते, शेजारीण विचारते, कधी केसपेपर काढणारी व्यक्तीही विचारते, आणि ज्या बाईला हे विचारले जाते ती आधीच अर्धमेली झालेली असते. औषधनिर्माणशास्त्र हे माझे शिक्षण आणि तालुक्याच्या गावातील मेडिकल हा माझा व्यवसाय. काउंटरमागे उभे राहून इतकी वर्षे औषधे देताना, आणि ती कोणत्या घरात, कोणत्या फळीवर जाऊन पडतात हे ऐकताना माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न पहिला असता कामा नये. त्या बाटलीला झाकण कसले होते, आणि तो पदार्थ त्या बाटलीत मुळात कोणी व का भरला होता, हे आधी विचारले पाहिजे.

असे म्हणण्याचे कारण मुलांच्या वयात आहे. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाला जग कळते ते हाताने आणि तोंडाने. रांगणाऱ्या बाळाला पलंगाखाली पडलेली गोळी मोठ्यांच्या आधी दिसते; दोन वर्षांचे मूल खुर्ची ओढत नेऊन ओट्यावर चढते; तीन वर्षांचे मूल आजोबा गोळी कशी घेतात ते रोज पाहते आणि मोठ्या निष्ठेने तसेच करू जाते. वास उग्र आहे किंवा चव कडू आहे म्हणून मूल थांबेल, हा मोठ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात रॉकेलचा घोटही मुले घेतात. आणि यासाठी लागणारा वेळ किती? दूध उतू जाऊ नये म्हणून आईने स्वयंपाकघरात जावे आणि परत यावे, तेवढा. कोणतीही आई, कितीही दक्ष असली, तरी दिवसाचे सगळे जागते तास आणि त्यांतील प्रत्येक मिनिट मुलाकडे पाहत बसू शकत नाही. जी सुरक्षा अखंड लक्षावर अवलंबून आहे ती कधीतरी ढळणारच, हे गृहीत धरून पुढचा विचार करायला हवा.

हा विचार ज्यांनी निर्धाराने केला त्यांच्यापैकी एका डॉक्टरांची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात विंडसर नावाचे शहर आहे. तेथे डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ होते आणि १९५७ पासून तेथील विषबाधा नियंत्रण केंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या काळी मुलांसाठीच्या गोड, रंगीत अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घरोघर असत, आणि बाटलीचे साधे झाकण फिरवून मुले त्या खाऊसारख्या खात. डॉ. ब्रो यांनी पालकांना सांगून पाहिले, पत्रके काढून पाहिली, औषधे वर ठेवा म्हणून वर्षानुवर्षे समजावले. पण मुले येतच राहिली आणि त्यांची पोटे धुणे काही थांबले नाही. शेवटी त्यांनी उपदेशाचा मार्ग पुरेसा नाही हे मान्य केले आणि विंडसरमध्येच साचे व अवजारे बनवण्याचा कारखाना चालवणाऱ्या पीटर हेजविक यांच्याकडे मुलांना उघडता येणार नाही अशा झाकणाची मागणी केली. १९६७ मध्ये जे झाकण तयार झाले त्याचे नाव ‘पाम-एन-टर्न’: तळहाताने दाबा आणि दाबून धरूनच फिरवा. हे झाकण त्या परिसरात वापरात आल्यानंतर मुलांच्या विषबाधेचे प्रमाण ९१ टक्क्यांनी घटले, अशी नोंद आहे. १९७४ मध्ये ओंटारिओने अशी झाकणे बंधनकारक केली. विंडसरमधील आया त्या वर्षांत एकाएकी अधिक दक्ष झाल्या नव्हत्या. बदलले होते ते झाकण.

ते झाकण हातात घेऊन नीट पाहिले तर त्यातील युक्ती ध्यानात येते. ते एक नसून दोन झाकणे असतात, एकात एक बसवलेली. आतल्या झाकणाला आटे असतात आणि तेच बाटलीच्या तोंडावर घट्ट बसते. बाहेरचे झाकण त्याच्यावर सैल असते. नुसते फिरवले तर बाहेरचे झाकण आतल्यावरून घसरत राहते आणि टक्‌ टक्‌ असा आवाज येतो. खाली दाबले की बाहेरच्या झाकणाच्या आतील दाते खालच्या झाकणाच्या खाचांत अडकतात आणि मग दोन्ही मिळून फिरतात. काही प्रकारांत दाबण्याऐवजी दोन बाजूंनी चिमटीत धरून फिरवावे लागते. मूळ तत्त्व तेच: एकाच वेळी दोन वेगळ्या क्रिया. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात फिरवण्याचे बळ असते आणि दाबण्याचेही असते, पण दोन्ही एकदम करायचे असतात हे त्याला सहसा सुचत नाही, आणि सुचले तरी दाब कायम ठेवून मनगट वळवणे त्याला जमत नाही. वाचता येणाऱ्या मोठ्या माणसासाठी झाकणावर सूचना छापलेली असते.

अमेरिकेत ३० डिसेंबर १९७० रोजी मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा वेष्टणांचा कायदा झाला आणि १९७२ मध्ये त्याखाली पहिला पदार्थ आला तो अ‍ॅस्पिरिनच. पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी पोटात घ्यायची बहुतेक औषधे, लोहाच्या गोळ्या, टर्पेंटाइन, तीव्र दाहक रसायने अशी यादी वाढत गेली. या कायद्याखाली वेष्टणाची जी परीक्षा घेतली जाते ती मला विलक्षण वाटते, कारण परीक्षक म्हणून खरी मुले बसवली जातात. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची, म्हणजे ४२ ते ५१ महिन्यांची मुले जोडीजोडीने, त्यांच्या ओळखीच्या जागी बसवतात आणि त्यांच्या हातात ते वेष्टण देऊन ‘उघडून दाखव’ असे सांगतात. पाच मिनिटे थांबतात. उघडले नाही तर मोठा माणूस एकही शब्द न समजावता एकदा उघडून दाखवतो, आणि आणखी पाच मिनिटे देतात. दात लावायची मुभा आहे हेही मुलांना सांगून टाकतात, कारण घरी मूल दात लावणारच. दाखवण्यापूर्वी किमान ८५ टक्के आणि दाखवल्यानंतर किमान ८० टक्के मुलांना ते उघडता आले नाही, तरच वेष्टण उत्तीर्ण.

याचा अर्थ प्रत्येकाने नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोनशे मुलांच्या चाचणीत चाळीस मुलांनी दहा मिनिटांत उघडलेले झाकणही नियमाने उत्तीर्ण होते. तेव्हा झाकण चांगले आहे म्हणून बाटली टीपॉयवर ठेवून चालणार नाही. झाकण आपल्याला काही मिनिटे मिळवून देते. त्या मिनिटांत मोठ्या माणसाची नजर पडते, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

परीक्षेची दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची. ५० ते ७० वर्षे वयाच्या शंभर माणसांपैकी किमान नव्वदांना ते झाकण उघडता आणि पुन्हा नीट लावता आले पाहिजे. हा वयोगट १९९५ च्या सुधारणेने आला; त्याआधी मोठ्यांची चाचणी तरुण माणसांवर होत असे, आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला जे झाकण उघडत नाही ते ती एकदा कसेबसे उघडून पुढे सैलच ठेवते, हे अनुभवाने कळले होते. किप विस्कुसी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले: सुरक्षित झाकणांमुळे लोक निर्धास्त होतात, बाटल्या हाताशी ठेवतात, झाकणे अर्धवट लावतात आणि फायदा आटतो, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण अर्धवट लावलेली झाकणे मी डोळ्यांनी पाहते. पण पुढे ग्रेगरी रॉजर्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की चिठ्ठीवरच्या, पोटात घ्यायच्या औषधांमुळे होणारे लहान मुलांचे मृत्यू, वेष्टणे बदलली नसती तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९७४ ते १९९२ या काळात सुमारे ४६० मुले वाचली. निर्धास्तपणाचा तोटा धरूनही हिशेब झाकणाच्या बाजूने लागतो.

आता आपल्याकडे येऊ. भारतात देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या औषधांना असे वेष्टण सरसकट बंधनकारक नाही. मुलांच्या सिरपच्या काही बाटल्यांना कंपन्या स्वतःहून दाबून फिरवायचे झाकण लावतात, आणि असे झाकण दिसले की मी गिऱ्हाइकाला ते मुद्दाम उघडून-लावून दाखवते. पण बहुसंख्य बाटल्यांवर अजून पत्र्याचे साधे झाकण असते, जे पहिल्यांदा फिरवताना करकर आवाज होऊन खालचे कडे तुटते. ते कडे कोणी बाटली आधी उघडलेली नाही याची खात्री देण्यासाठी असते. मुलाच्या हातापासून संरक्षण करण्याशी त्याचा काही संबंध नाही. एकदा तुटले की दोन वर्षांचे मूलही ते फिरवू शकते. मनाला लागते ते पुढचे. गोव्यातील वेर्ण्यापासून आपल्याकडील वाळूज-तारापूरपर्यंत कितीतरी ठिकाणी औषधांचे मोठे कारखाने आहेत, आणि आपल्या देशातून अमेरिकेला गोळ्या प्रचंड प्रमाणात जातात. तिकडे जाणाऱ्या बाटलीला तिकडच्या कायद्यानुसार सुरक्षित झाकण लागते. म्हणजे तंत्र, यंत्र आणि माणसे हे सगळे आपल्याकडे आहे. नाही तो केवळ नियम.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे: आपल्याकडे गोळ्या बहुधा पट्टीत मिळतात. पट्टीतली प्रत्येक गोळी वेगळी फोडून काढावी लागते. एका हिसक्यात मूठभर गोळ्या तोंडात जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो, आणि चार-दोन गोळ्या निघेपर्यंत कोणाचे तरी लक्ष जाते. मात्र हा लाभ आपण स्वतःच घालवतो. ‘चारच द्या’ म्हटले की दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, आणि उरलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव असतेच असे नाही. पुढे मुलाने त्यातल्या गोळ्या खाल्ल्या तर डॉक्टरांच्या हाती येतो तो नुसता चंदेरी तुकडा. म्हणून माझ्या दुकानात, सुट्या गोळ्या देणे अटळ असेल तेव्हा, नाव आणि मात्रा पाकिटावर ठळक लिहूनच दिली जाते. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या रंगीबेरंगी गोळ्यांची पद्धत लहान गावांतून अजून पूर्ण गेलेली नाही; ज्या घरात लहान मूल आहे तेथे तरी ती बंद व्हावी. वाराच्या नावांचे कप्पे असलेले प्लॅस्टिकचे डबे आजकाल मुले परदेशातून आई-वडिलांना पाठवतात. वृद्धांसाठी त्यांची सोय मला मान्य आहे, पण त्याचे झाकण अंगठ्याने टक्‌कन उघडते आणि आत आठवडाभराच्या गोळ्या सुट्या असतात. नातवंडे सुट्टीला यायची असतील तेव्हा तो डबा कुलपात गेला पाहिजे.

कारण आजोबांच्या गोळ्यांत काय असते? मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणारे अक्षरशः घरटी सापडतील. यातली एक गोळी, फक्त एक, लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. शिवाय हा परिणाम लगेच दिसेलच असे नाही. मूल खेळत असते, जेवते, आणि साखर काही तासांनी, कधी झोपेत उतरते. म्हणून ‘आता तर बरे दिसते आहे’ असे म्हणून घरी थांबू नये. अशा मुलाला डॉक्टर रात्रभर निरीक्षणाखाली ठेवतात ते योग्यच आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही असेच आहे.

लोहाच्या गोळ्यांविषयी मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण त्यांना कोणी औषधच समजत नाही. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक अ‍ॅसिडची रोज एक गोळी घ्यायला सांगितले जाते. हा कार्यक्रम अत्यंत आवश्यक आहे आणि आशाताई तो घरोघर मनापासून पोहोचवतात. पण या गोळ्या ज्या घरात असतात त्याच घरात पुष्कळदा दोन-अडीच वर्षांचे थोरले भावंड असते, गोळीचा रंग लाल असतो, वरचा थर गुळगुळीत असतो, आणि कंटाळा करून न घेतलेल्या पट्ट्या फळीवर साठलेल्या असतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवाला धोका असतो. दहा किलोच्या मुलाचा हिशेब करून पाहा: तीन-चार गोळ्यांनी उलट्या-जुलाब, आणि दहा गोळ्यांची एक पट्टी म्हणजे सहाशे मिलिग्रॅम, थेट धोक्याची रेषा. यात घात करणारी गोष्ट अशी की पहिल्या काही तासांच्या उलट्या थांबल्यावर मूल सुधारल्यासारखे दिसते, घरचे निश्चिंत होतात, आणि त्यानंतर ते एकाएकी कोसळते. पुढे यकृतावरही परिणाम होतो. लोहाच्या गोळ्या देताना ‘जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको’ हे आपण सगळेच सांगतो. ‘थोरल्याच्या हाताला लागू देऊ नका’ हे वाक्यही त्याच दमात सांगितले गेले पाहिजे.

औषधांबाहेरची यादी घरोघरी निराळी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या विषबाधेचे सर्वांत मोठे कारण रॉकेल हे होते, आणि त्याचे कारणही भांडेच. रेशनचे रॉकेल आणायचे ते सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत, ठेवायचे मोरीजवळ जमिनीवर, आणि तहानलेले मूल ओळखीची बाटली पाहून तोंडाला लावणार. गॅस घरोघर पोहोचल्यावर रॉकेल कमी झाले, परंतु बाटलीची सवय राहिली: त्याच बाटल्यांत आता फिनेल असते, थिनर असते, संडास धुण्याचे अ‍ॅसिड असते, आणि शेतकऱ्यांच्या घरी फवारणीतून उरलेले कीटकनाशक असते. डास पळवण्याच्या यंत्राची बाटली तर झोपलेल्या मुलाच्या उशाशीच, जमिनीपासून हातभर उंचीवरच्या सॉकेटमध्ये असते. तिच्यातील कीटकनाशक बहुधा रॉकेलसारख्याच तेलात मिसळलेले असते, आणि वात ओढून काढली की बाटली उघडी.

रॉकेलच्या बाबतीत एक अभ्यास मला आशादायक वाटतो. दक्षिण आफ्रिकेत, जेथे गरीब वस्त्यांत रॉकेल हेच इंधन होते, सुमारे वीस हजार घरांना सुरक्षित झाकणाचे डबे मोफत वाटण्यात आले, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या भागात मुलांनी रॉकेल पिण्याच्या घटना जवळपास निम्म्याने घटल्या. घरे तीच होती, गरिबी तीच होती, आया तितक्याच कामाच्या ओझ्याखाली होत्या. श्रीमंत देशातच हे जमते असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालात २००४ या एका वर्षात वीस वर्षांखालील ४५ हजारांहून अधिक मुले-मुली अपघाती विषबाधेने दगावल्याचा अंदाज दिला आहे, आणि ही हानी प्रामुख्याने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहे.

आणि कापूर. देवघर हे घरातील सर्वांत सुरक्षित स्थान मानले जाते, पण ते पुष्कळ घरांत मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, आणि कापराची डबी निरांजनाशेजारीच उघडी असते. पांढरी, चौकोनी वडी मुलाला खडीसाखरेहून वेगळी वाटत नाही. प्रसादाची खडीसाखर त्याला त्याच जागी, त्याच हाताने मिळालेली असते. कापूर पोटात गेल्यावर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात, आणि सुमारे एक ग्रॅम कापरानेही लहान मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. सर्दी झाली म्हणून कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधण्याचा प्रघात मी या एका कारणासाठी सोडून द्या म्हणून सांगते. बाळ ती पुरचुंडी चोखते. डांबरगोळ्या आणि सांधेदुखीवर चोळायचे विंटरग्रीनचे तेल हेही याच फळीवरचे जिन्नस. त्या तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक मोठ्या गोळ्यांइतका जहाल अंश असतो, हे ते विकणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर झाकणाचे काम घरातील फळीने आणि कडीने करायचे आहे. उंच जागा पुरेशी नाही, कारण मुले चढतात. उंच आणि बंद, दोन्ही हवे. कपाटाचा एक कप्पा कुलपाचा करावा आणि त्यात औषधे, लोहाच्या गोळ्या, चोळायची तेले, कापराची मोठी पाकिटे ठेवावीत. रोजच्या पूजेपुरता कापूर घट्ट फिरकीच्या डबीत, मुलाच्या हाताबाहेर. साफसफाईची रसायने मोरीच्या ओट्याखाली ठेवू नयेत आणि कोणताही पदार्थ मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, विशेषतः खाण्यापिण्याच्या बाटलीत, कधीही ओतू नये. उरलेले कीटकनाशक घरात आणूच नये. पाहुण्यांच्या पर्स आणि प्रवासी पिशव्या या सर्वांच्या नजरेतून सुटतात; मावशी आली की तिची पर्स आल्याआल्या खुंटीला लावावी. मुलाने औषध घ्यावे म्हणून ‘हा खाऊ आहे’, ‘हे चॉकलेट आहे’ असे म्हणणे सोडून द्यावे, आणि मोठ्यांनी शक्यतो मुलांसमोर गोळ्या घेऊ नयेत.

आणि तरीही पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नका. ही आपल्याकडील सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक आहे. रॉकेल पोटात असते तोवर तुलनेने कमी नुकसान करते. ओकारीबरोबर ते फुप्फुसांत उतरले की न्यूमोनिया होतो. अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. कापूर किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्या मुलाला ओकता ओकता झटके आले किंवा ते बेशुद्ध झाले तर ओकारी श्वासनलिकेत जाते. मिठाचे जास्त पाणी हे स्वतःच मुलासाठी विष आहे. तोंडात राहिलेला पदार्थ बोटाने काढून तोंड साध्या पाण्याने पुसावे, अंगावर सांडलेले कपडे काढून कातडी धुवावी, आणि मूल शुद्धीत असो वा नसो, थेट रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते; १८०० ११६ ११७ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तो सामान्य माणसालाही लावता येतो. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास लागला असेल तर फोनवर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. बाटली, पट्टी, वेष्टणाचा तुकडा, जे सापडेल ते बरोबर न्यावे, आणि साधारण किती वाजता, किती गेले असेल ते डॉक्टरांना खरे सांगावे. घरच्यांच्या बोलण्याच्या धाकाने आई कधी वेळ लपवते, कधी मात्रा कमी सांगते, आणि उपचार चुकीच्या अंदाजावर सुरू होतात. ‘लक्ष कुठे होते’ या प्रश्नाचे खरे नुकसान मी येथे पाहते.

नियम करायचा झाला तर सर्व औषधांना एकदम लावण्याचा हट्ट मी धरणार नाही. पहिल्या टप्प्यात लोहाच्या गोळ्या, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे, मुलांची द्रव औषधे, विंटरग्रीनसारखी तेले आणि रॉकेलच्या जातीच्या तेलातील घरगुती कीटकनाशके एवढी घ्यावीत. गोळ्यांना पट्टीच ठेवावी, पण वरचा कागद आधी सोलून मग गोळी दाबून काढावी लागेल अशी. ती मिळते आणि बनवता येते. आंतरराष्ट्रीय मानके तयार आहेत, पुन्हा उघडता-लावता येणाऱ्या वेष्टणासाठी आयएसओ ८३१७ आणि एकदाच फोडायच्या औषधी वेष्टणासाठी आयएसओ १४३७५, त्यामुळे शून्यापासून काही शोधायचे नाही. किंमत थोडी वाढेल हे मला दुकानदार म्हणून दिसते, आणि ती वाढ सरकारी पुरवठ्यातील गोळ्यांवर सरकारने सोसावी असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या वृद्धांची अडचण खरी आहे. अमेरिकेच्या कायद्यात डॉक्टरांनी किंवा रुग्णाने मागितले तर साध्या झाकणात औषध देण्याची सवलत आहे, आणि दुकानात मिळणाऱ्या औषधाचा एखादा आकार ‘लहान मुले नसलेल्या घरांसाठी’ असे छापून साध्या वेष्टणात विकता येतो. ही तरतूद आपल्याकडे पहिल्या दिवसापासून असावी, म्हणजे आजींना झाकण उघडत नाही म्हणून गोळी चुकणार नाही, आणि नातवंडे असलेल्या घरात मात्र दाबून फिरवायचे झाकणच जाईल.